मुरमावर मुक्काम: पावसाळ्यात कॅम्परव्हॅनमधून उत्तर मराठवाडा

आमच्या भागात पावसाची वाट बघतात, पावसात फिरायला कुणी निघत नाही. त्यासाठी माळशेज आहे, कोकण आहे. त्यामुळे जुलैअखेर आम्ही नवराबायको कॅम्परव्हॅन घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "मराठवाड्यातच फिरणार?" हो, मराठवाड्यातच. आणि नवख्या माणसाने पहिली कॅम्परव्हॅनची सफर करावी तर याच पट्ट्यात करावी, असं तीन पावसाळ्यांनंतर मी अगदी मनापासून सांगते.

हा पट्टा म्हणजे मराठवाड्याची उत्तरेकडची कड. दौलताबाद-वेरूळपासून सुरू करायचं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने कन्नड, सिल्लोड, फर्दापूर गाठायचं, मग भोकरदन, जालना, जिंतूर करत औंढा नागनाथ, हिंगोली, नांदेड आणि शेवटी किनवट-माहूरचं जंगल. डोंगराच्या कडेला उभं राहिलं की वर आपण आणि खाली खानदेश. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या आठ जिल्ह्यांची पावसाळ्याची सरासरी आहे साधारण ६८० मिलिमीटर. इथे पाऊस येतो, तासभर झोडपतो, मग उघडीप देतो. त्या उघडिपीत दोर वाळतात, चहा होतो, पुढचे वीस किलोमीटर होतात. चाकांवरच्या घरात राहायला शिकणाऱ्याला अशी उघडीप हवीच.

मात्र इथला धोका वेगळ्या ठिकाणी आहे. तो आभाळात कमी आणि जमिनीत जास्त आहे. म्हणून या लेखातला मोठा भाग मी मातीला आणि ओढ्यांना दिला आहे.

कधी निघायचं

शेतकऱ्याच्या नक्षत्रांनी सांगते. मृग आणि आर्द्रा, म्हणजे जवळजवळ सगळा जून, सोडून द्या. पेरण्यांची घाई असते, डोंगर अजून करडेच असतात आणि वळवाच्या वादळात विजा फार पडतात. पुष्य लागतं जुलैच्या वीस तारखेच्या आसपास. तिथून मघा संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, सगळ्यात चांगला काळ. डोंगर हिरवे, धबधबे वाहते, मका डोक्याएवढा. सप्टेंबर दिसायला सुंदर, पण अलीकडे भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने जे केलं ते विसरण्यासारखं नाही. शेतातली माती वाहून गेली, गावं पाण्यात होती. असे दिवस आले की सहल रद्द करायची. पूर ओसरत असलेल्या गावात आपण 'फिरायला' जायचं नसतं.

वार बघून घ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी बंद. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आणि औंढ्याला एवढी रीघ असते की मोठी गाडी लावायला जागा मिळत नाही. मी श्रावणातला सोमवार कुठल्या तरी साध्या गावात, कपडे वाळवण्यात घालवते. श्रावण अमावास्येला पोळा. त्या दुपारी बैल वेशीकडे निघतात, सजवलेली जनावरं वाजंत्रीने आधीच बिथरलेली असतात. गाडी गावाबाहेर लावा, पायी जाऊन वेशीजवळ उभं राहून बघा. कुणी ओळखीचं नसलं तरी पुरणपोळीचं आमंत्रण येतं, ते नाकारू नका.

गाडी

स्वतःची गाडी बनवून घेण्याआधी एकदा भाड्याच्या गाडीत राहून बघा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्या मिळू लागल्या आहेत. बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. चालवायला आपल्या हाती देणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह येणारीची पाटी पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वतःची व्हॅन बदलून घेणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घ्या. मूळ रचनेत केलेला बदल आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो, गॅरेजवाल्याचं "कोण विचारतंय" चालत नाही. परवान्याची काळजी मात्र नको, हलक्या वाहनाच्या साध्या (एलएमव्ही) परवान्यावर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते.

गाडी ताब्यात घेताना टपावर पाण्याची बादली ओता आणि आत बसून दहा मिनिटं वाट बघा. छतावरची खिडकी, सोलर पॅनेलचे स्क्रू आणि मागचं दार, गळती इथूनच होते. पहिल्या वर्षी आम्ही हे केलं नाही आणि पिशोरच्या अलीकडे मध्यरात्री गादीचा पायथा भिजला. कोरडी गादी असेल तर पावसाळी सफर सुखाची असते. ओली झाली की तिसऱ्या दिवशी माणसं घरी जायचं म्हणतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, त्यावर दोन दिवे, एक बारा व्होल्टचा पंखा, फोन. ढगाळ दिवसांत सोलरवर विसंबू नका. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा चार्जर असेल तर दोन तासांच्या रमतगमत ड्रायव्हिंगमध्ये साठेक अँपिअर-अवर परत येतात, रात्र निघते. झोपेत एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं नाही. पावसामुळे खिडक्या बंद करून गॅसवर स्वयंपाकही करायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि भाकरी भाजताना मागचं दार सताड उघडा.

बाकी सामान थोडं: मोठी ताडपत्री, तीन-चार फुटांच्या दोन जाड फळ्या, टोचन करायला जाड दोर, फावडं, मच्छरदाणी, टॉर्च, वीस लिटरचा पाण्याचा जार आणि गाडीच्या दारात ठेवायला गोणपाट. गोणपाटाएवढी उपयोगाची वस्तू दुसरी नाही.

माती ओळखायला शिका

आता मुख्य गोष्ट. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पाणी पिऊन फुगते. वरून ती गवताने झाकलेली, सपाट, अगदी गाडी लावण्याजोगी दिसते. दोन टनांची गाडी तिच्यावर रात्रभर उभी राहिली आणि पहाटे सर आली की चाकं आपल्या वजनानेच खाली जातात. मग रेस दिली की टायरच्या खाचा चिखलाने भरून टायर गुळगुळीत होतो, आणि जितकं फिरवाल तितकं खोल जातं.

आमचं हे भोकरदन तालुक्यात झालं. बांधाकडेला लिंबाचं झाड, समोर मुगाचं शेत, संध्याकाळचं पिवळं ऊन. जागा इतकी आवडली की खाली उतरून माती बघितलीच नाही. सकाळी मागचं चाक अर्धं गेलेलं. शेताचे मालक सात वाजता आले, त्यांनी एक शब्द रागाचा काढला नाही. "ताई, रेस देऊ नका, ट्रॅक्टर आणतो," म्हणाले. टोचन लावून गाडी निघाली, पण त्यांच्या बांधाला दोन खोल चऱ्या पडल्या. पैसे द्यायला गेलो तर घेईनात. आम्ही दोघांनी फावड्याने बांध नीट केला, तेवढं त्यांनी करू दिलं.

तेव्हापासून नियम एकच: गाडी उभी करायची ती मुरमावर, खडकावर, खडीवर किंवा सिमेंटवर. मुरूम तांबूस, भुरकट, दाणेदार असतो. बुटाने घासला की खरखर वाजतो आणि बुटाला चिकटत नाही. काळी माती चिकटते, दुसऱ्या पावलाला बूट जड होतो. उतरा, दहा पावलं चाला, बुटाचा तळ बघा. काही ठिकाणी वर दोन बोटं मुरूम आणि खाली काळी असते, म्हणून खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज मुठीपर्यंत गेला तर तिथून निघा. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवूनच लावा. उताराच्या खालच्या टोकाला, नाल्याच्या काठी, एकट्या उंच झाडाखाली लावू नका.

आणि चाक रुतलंच तर रेस नाही. समोरची माती फावड्याने काढा, फळी चाकाच्या पुढ्यात टेकवा, टायरमधली हवा थोडी कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने काढा. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर ट्रॅक्टरला फोन.

याच मातीमुळे मोबाइलच्या नकाशावर अंधविश्वास नको. तो जवळचा रस्ता म्हणून पाणंद दाखवतो. पाणंद म्हणजे बैलगाडीची शेतवाट. उन्हाळ्यात ट्रॅक्टर जातो, श्रावणात माणूसही जपून जातो. डांबर संपलं की थांबा आणि विचारा.

पूल, ओढे आणि विसर्ग

या पट्ट्यातल्या आडरस्त्यांवर अजून कितीतरी फरशी पूल आणि नळकांडी पूल आहेत. कठडे नसतात, पाणी वरून जायला लागलं की कड दिसत नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर नसला तरी वर डोंगरात झाला असेल तर ओढा अर्ध्या तासात चढतो, आणि अनेकदा तितक्याच लवकर उतरतो. वाहतं पाणी फुटभर असलं तरी छोटी कार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. आपली व्हॅन उंच आहे, जड आहे, हा समज जीव घेतो. मोठ्या अंगावर पाण्याचा रेटाही मोठा बसतो. पुलावरून पाणी असेल तर इंजिन बंद करा, चहा टाका. स्थानिक क्रूझर गेली म्हणून तिच्या मागे जायचं नाही.

याच भागात असई आहे, जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढली. वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणा नदीला जवळपास उतार, म्हणजे पायी पार होण्याजोगी उथळ जागा, नाही. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं की एवढी जवळची गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. तो होता, फौज पार झाली. त्या काठावर उभी राहिले की मला वाटतं, नदीचं खरं ज्ञान गावांना असतं. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की उताराबद्दल दोन्ही काठांच्या माणसांना विचारायचं, आणि ते "थांबा" म्हणाले की थांबायचं.

रेल्वेखालचे भुयारी रस्तेही लक्षात ठेवा. जालना, परभणी, नांदेडकडच्या मार्गावर फाटकं काढून केलेल्या अंडरपासमध्ये पावसाळ्यात पाणी साचतं, आणि तळ दिसत नाही. उंचीची पाटीही वाचा.

धरणांच्या खाली मुक्काम नको. पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर. दरवाजे उघडले की विसर्गाची बातमी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय अशी, येते, ती रोज बघायची सवय लावा. पैनगंगेवर इसापूर धरणातून पाणी सुटलं की खाली सहस्रकुंडाचा धबधबा काही तासांत ओळखू येत नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग सकाळीच बघा. येलोला सावध, ऑरेंजला मुक्काम हलवायचा नाही, रेडला पक्क्या इमारतीत जायचं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, आजूबाजूला वीज पडत असेल तर ते आगाऊ कळवतं. बातमीत 'मंडळात अतिवृष्टी' असं आलं तर त्याचा अर्थ त्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आहे; त्या बाजूचे आडरस्ते दोन दिवस विसरा.

रोजचा मुक्काम कसा ठरवायचा

दिवसाला साठ ते ऐंशी किलोमीटर, त्याहून जास्त नाही. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, पण त्यावर चढलात तर हा सगळा मुलूख काचेतून निघून जाईल. चार वाजता जागा शोधायला लागायचं. पावसाळी संध्याकाळ साडेसहालाच गडद होते, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर बसलेली गुरं अंधारात दिसत नाहीत.

जागा पसंतीच्या क्रमाने: देवस्थानाचं भक्तनिवास आणि त्याचं फरसबंद आवार, रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप किंवा मोठा ढाबा, एमटीडीसीचं निवास, गावातलं ग्रामपंचायतीचं किंवा बाजाराचं आवार. शाळेचं मैदान शनिवार-रविवार सोडून मागू नका. अभयारण्यात रात्री थांबता येत नाही, तिथे बिबट्या आहे आणि नियमही आहे.

गावात विचारताना आधी गाडी रस्त्याकडेला ठेवून पायी जावं. पारावर बसलेल्यांना राम राम घालावा. "दादा, राम राम. रात्रीपुरती गाडी लावायची होती. मुरमाड जागा कुठं आहे का?" एवढंच. 'मुरमाड' हा शब्द ऐकला की समोरच्याला कळतं की आपण माती जाणून आलोय, आणि पुढची चौकशी मायेने होते. कुठले, किती लेकरं, गाडीत झोपता म्हणजे कसं. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना नाव, गाव, फोन आपणहून सांगा. बाईमाणूस बरोबर असलं की एखादी मावशी न्हाणीघर वापरा म्हणून सांगतेच. जाताना आपला कचरा आपल्याबरोबर. शौचालयाची टाकी ओढ्यात किंवा शेतात रिकामी करणं हा गुन्हा समजा. पंपावर किंवा बसस्थानकावर विचारून सार्वजनिक शौचालयातच.

रात्री बूट आत घ्या, दार उघडं टाकू नका, जमिनीवर अंथरू नका. पावसात बिळात पाणी शिरलं की साप बाहेर येतात. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून झोपेत काही चावल्याची शंका आली तरी १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय. मांत्रिक नाही, ब्लेड नाही, आवळून बांधणं नाही.

वाट, टप्प्याटप्प्याने

पहिले तीन दिवस छत्रपती संभाजीनगरपासून चाळीस किलोमीटरच्या आत. सवय होऊ द्या, काही बिघडलं तर शहर जवळ आहे. दौलताबादचा किल्ला सकाळी चढा. पायऱ्या निसरड्या असतात, चप्पल नको. तिथून खुलताबादकडे जाताना रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. आपल्या गाडीची उंची आणि रुंदी तोंडपाठ हवी ती इथे. समोरून बस येत असेल तर आधी तिला येऊ द्या. म्हैसमाळला धुकं उतरतं, दिवसा जा, दिवे लावून हळू चालवा आणि संध्याकाळी खाली या.

वेरूळला दोन दिवस द्या. ३४ लेणी आहेत: पहिली १२ बौद्ध, मग १७ हिंदू, शेवटची ५ जैन. सगळे सोळाव्या लेण्याकडे, कैलासाकडे धावतात. मी सांगेन, पाऊस पडून गेल्यावर तासाभराने एकोणतिसाव्याकडे जा. वेळगंगा तिथे कड्यावरून कोसळते आणि लेण्याच्या आतून, त्या भव्य खांबांमधून, ते पाणी ऐकू येतं. नवव्या दिवशी माहूरला पोहोचायचं म्हणून धावणाऱ्याला हे मिळत नाही.

पुढे कन्नड. आल्याची आणि मक्याची शेतं, रस्त्याकडेला निखाऱ्यावर भाजलेली कणसं. पितळखोऱ्याची लेणी इथून जवळ, दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं. सातवाहनकाळातलं हे काम वेरूळहून पुष्कळ जुनं. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचं, कण्हदासाचं, नाव कोरलेलं आहे. नाल्याला जोर असेल तर खाली उतरू नका, वरून दरी बघणंही पुरेसं आहे. गौताळा अभयारण्य १९८६ चं, साधारण २६० चौरस किलोमीटर; गेटवर नोंद करून दिवसा फिरा. चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट टाळा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात तिथे दरडी कोसळून रस्ता कितीतरी दिवस बंद होता. आपल्याला खाली उतरायचं कामच नाही. कन्नडहून पिशोरमार्गे माथ्यानेच सिल्लोड गाठा.

सिल्लोडच्या बाजारात हिरवी मिरची डोळ्यांत पाणी आणते. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे आणि लेणी खाली, हे नवख्यांना माहीत नसतं. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीने. वाघूरचा सात टप्प्यांचा धबधबा फक्त पावसाळ्यात भरून वाहतो. २८ एप्रिल १८१९ ला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ इथे आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर नाव खरडून गेला, पण तो भर उन्हाळा होता. हे पाणी त्याने पाहिलं नसणार. ढगाळ दिवशी गुहेत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. पाच मिनिटं शांत उभं राहा, मग भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू अंधारातून वर येतो. सोयगावकडे हळद्याचा घाट आणि वेताळवाडीचा किल्ला फार देखणे आहेत, पण रस्ता अरुंद. मोठी व्हॅन ठेवून भाड्याच्या जीपने जा.

गोळेगावहून अन्व्याला वळा. तिथलं शिवमंदिर बाराव्या शतकाच्या आसपासचं, कोरीवकाम ओलं झालं की दगड जवळजवळ काळा दिसतो. पुढचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, मग राजूरचा गणपती, जालना. जालन्यात गाडीचं काम करून घ्या, वायपरचं रबर बदला. मंठ्याहून जिंतूर वाटेवर चारठाण्याची मंदिरं आडवाटेला आहेत, आधी रस्ता विचारा.

औंढा नागनाथाच्या भक्तनिवासाशी आम्ही दरवर्षी दोन रात्री राहतो. मंदिराचा पाया ताऱ्याच्या आकाराचा आहे. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ती कथा इथलीच, आणि नामदेवांचं नर्सी हिंगोलीजवळच आहे. वसमतच्या बाजूला हळदीची रुंद पानं पावसात चमकतात. नांदेडला तख्त सचखंड हजूर साहिबचं यात्रीनिवास आणि लंगर. डोकं झाकून जा, पंगतीत बसा, जमलं तर पोळ्या लाटायला हात लावा.

नांदेडनंतर पाऊस वाढतो. किनवट-माहूरकडे तो हजार मिलिमीटरच्या आसपास जातो आणि सागाचं जंगल सुरू होतं. डिझेल भोकरला भरा, घरच्यांना फोन करून ठेवा, मधे नेटवर्क जातं. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड कठड्याच्या अलीकडूनच बघा. तो कातळ शेवाळाने गुळगुळीत आहे. माहूरच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरनेच चढा आणि उतरतानाही तेच गिअर ठेवा. रेणुकेचं दर्शन झालं की कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद मिळतो. ओल्या हवेत, दमल्या अंगाने तो खाण्यासारखं सुख नाही. नवरात्रात मात्र गाडी घेऊन येऊ नका, पायथ्यालाच अडकाल.

खाणं

गाडीत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, येसर आणि ज्वारीचं पीठ असलं की पाऊस कितीही लागू दे. धपाटे तीन दिवस टिकतात. सकाळी बसस्थानकाजवळ सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, मिळतं. आठवडी बाजारात करटुली, तरोटा, अंबाडी या भाज्या शोधा. विकणाऱ्या आजीला कशी करायची ते विचारलं तर ती सगळं सांगते, वर मूठभर जास्त घालते.

परत आल्यावर

पहिल्याच उन्हात गाद्या, पडदे, गोणपाट सगळं बाहेर. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. गाडीखालून जोराच्या पाण्याने माती काढा, विशेषतः चाकांच्या वरच्या खोबणीतली. काळी माती तिथे वाळून दगड होते आणि ओल धरून पत्रा खाते. ब्रेक तपासून घ्या. छताच्या सांध्यांवरून बोट फिरवा आणि जिथे रबर उचललं असेल तिथे खडूने खूण करा.

आमच्या गाडीवर यंदा अशा चार खुणा आहेत. पुष्य लागायच्या आत त्या बुजवायच्या आहेत.